ओल्या चुलीचं घर

जनगणनेच्या बाई गावात आल्या आणि एका सकाळीत गावाचं डोकं फिरवून बसल्या. ज्यांची चूल एक त्यांचं घर एक, असा त्यांचा नियम. बस्स! शिंपी भाऊ-भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण पातेलं एकच, म्हणून त्यांचं घर एक. आणि लोहाराचा म्हातारा म्हातारीवाचून पाणी पीत नाही, पण तिला तिखट सोसत नाही, म्हणून चुली दोन आणि घरंही दोन! म्हातारा लाजून नुसता लाल झाला.

गवंड्याच्या धाकट्या सुनेने हे ऐकलं मात्र, तिच्या अंगात वारंच शिरलं. लग्न झाल्यापासून तिला एकच हवं होतं, स्वतःचं घर. नवरा ट्रकवर, कधीतरी उगवायचा, "तू म्हणशील तसं" म्हणायचा आणि निघून जायचा. इकडे काय शिजवायचं ते सासू ठरवणार, शिजवणारही तीच, आणि कढईला हात लावायचा तर थोरल्या जावेची परवानगी. आता सरकारच विचारतंय म्हटल्यावर कोण थांबतंय हो! तिने मागच्या पडवीत चिखल कालवला, विटा रचल्या आणि बाई वळणावर दिसताच ओल्या चुलीत काटक्या कोंबल्या. असा धूर झाला की कोंबड्या कुंपणापलीकडे पळाल्या. पण भात शिजला! बटाटेही शिजले, जरा जास्तच. धाकटी डोळे पुसत होती आणि हसत होती.

"ही चूल कुणाची?" बाईंनी विचारलं.

"माझी!"

"अहो, आत्ता थापलीय ती," थोरली जाऊ दारातून ओरडली. "बोट लावून बघा. नाटकं नुसती! एकट्या बाईचं कसलं आलंय घर?"

बाईंनी बोट लावलं. रुतलं.

"एकटीचंही घर असतं," बाई म्हणाल्या, "पण चूल रोजची हवी. आज मांडली, उद्या मोडली, तर मी काय लिहू? इथे जेवतं कोण?"

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात सासू पदर खोचून तरातरा बाहेर आली. आता ही लाथेने चूल मोडणार, म्हणून धाकटीने डोळेच मिटले.

उघडले तर सासू ताट घेऊन चुलीपुढे बसलेली.

"वाढ," ती म्हणाली. "लिहा हो बाई, मी जेवते इथे. आजपासून रोज."

"अहो आई!" थोरली किंचाळली. "मग आमचा स्वयंपाक?"

"हात आहेत ना तुला?" सासूने करपलेल्या बटाट्यासकट घास तोंडात घातला आणि लगेच दुसरा उचलला. "सगळ्यांचं आटोपल्यावर जेवायचं, अशीच हयात गेली गं. गरम भात कसा लागतो तेच विसरले होते."

"बरं, मग कुटुंबप्रमुख कोण?" बाईंनी विचारलं. "वयाने तुम्ही मोठ्या."

"छे हो, पुरे झाला तो ताप! प्रमुख ही."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. वेगळं व्हायचं होतं ते हिच्यापासूनच की! मग तिला हसू फुटलं, पोट धरधरून. तिने आणखी एक ताट घेतलं, भात वाढला आणि सासूच्या शेजारी, तिच्याबरोबरच, जेवायला बसली.