पिनांगचा भात, धानोऱ्याचं तोंड

"भाऊ, भात बेस शे. पन याना वर तेल?" धानोऱ्याचे चुडामण पाटील ताटाकडे पाहत म्हणाले.

खानावळवाल्या शौकतचा चेहरा उतरला. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, कडेला शेंगदाणे, कुरकुरीत सुके मासे, अंडं आणि मिरचीची परतलेली चटणी. मलेशियात, पिनांगच्या खानावळीत राबताना मालकीणबाईनं त्याला कान पिळून शिकवलेलं ताट. त्यावर कच्चं तेल, खिचडीवर ओततात तसं?

"पाटील, यावर तेल नही चाले."

"आनी हाई चटणी गोड लागी ऱ्हायनी! नंदुरबारमा बसीसन गोड मिरची?" जणू मिरची बाजाराची अब्रूच गेली.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या अख्तरबानोचा हिशोब निराळा होता. मुलाला, आतिफला मिसरूड फुटलं ते नवऱ्यानं पिनांगहून फोनवर पाहिलं. गेल्या साली शौकत परतला आणि हे दुकान निघालं. चूल तिची, वाढणं सूनबाई गजालाचं. गिऱ्हाईक एकदा येई, हसून जाई, पुन्हा फिरकत नसे. काल पिनांगहून परत कामावर यायचं बोलावणं आलं होतं. "आज देखता हूँ, फिर जवाब दूँगा," शौकत म्हणाला होता. पाटलांच्या ताटात उरलेला प्रत्येक घास तिला विमानाच्या तिकिटासारखा दिसत होता.

तिनं तेलाची बाटली आणि स्वतःच्या जेवणातला ठेचा उचलला, थेट टेबलावर आणून ठेवला.

"ये क्या कर रही?" शौकत कुजबुजला.

"आपका उसूल आप खाओ. मेहमान को उसके मुँह का खाने दो."

पाटलांशेजारी बसलेल्या पाटलीणबाई धनुबाईंनी तेल ओतलं, ठेचा कालवला, वर सुका मासा चुरला. एक घास गेला, दुसरा गेला.

"आते भात तोंडले लागना! बाई, तू बी बठ. घरवाली उभी ऱ्हायनी तं मन्हा घास उतरत नही."

अख्तरबानो बसली. आपल्याच दुकानात गिऱ्हाईकाच्या खुर्चीवर, पहिल्यांदा. गजाला पदराआड हसली. ताट वाढायला शौकतच आला.

"तेल?" त्यानं तोंड वाकडं करत विचारलं.

"भरपूर."

बाटली कलती करताना तो पुटपुटला, "मालकीण देखती, तो बेलन से मारती."

"मारने दो. वहाँ से हाथ नहीं पहुँचेगा."

निघताना पाटील दारातून ओरडले, "मंगयवारले पाव्हना ली येसू! बाटली मोठी ठेवजो!"

ताटं पुसल्यासारखी साफ होती. शौकतनं आपल्यापुरता भात घेतला, तेलाविना, ठेच्याविना, शिकवला होता तसाच. चुलीकडे तोंड करून, उभ्यानं, सावकाश खाल्ला.

हात धुताना तो म्हणाला, "मंगल को चावल जादा लगेगा."

"हाँ," अख्तरबानो म्हणाली. मंगळवार अजून लांब होता. तिनं सूप घेतलं आणि तिथेच तांदूळ निवडायला बसली.