डाव्या कवाडाचा अर्ज

मित्रांनो, लढाई आम्ही जिंकलो. हे वाक्य कृपया विसरा. तसं काहीच घडलं नाही.

मी एक जुनं सागवानी कवाड आहे. पोखर्णीच्या सुतारानं मला आणि माझ्या उजव्या जोडीदाराला धाकट्या कवठवाडीच्या वेशीसाठी घडवलं. रोज सांजेला आम्ही खांद्याला खांदा लावायचो, मग गाव निवांत झोपायचं.

निजामाच्या काळात शेजारच्या थोरल्या कवठवाडीशी लढाई जुंपली. कारण, एक हरवलेला बोकड. तो आदल्या दिवशीच घरी परतला; पण तोवर भाले पाजळून झाले होते. दोन्ही गावांची माणसं एकाच पहाटे निघाली. थोरलीची ओढ्यातून, धाकटीची गाडीवाटेनं. वाटेत कुणी कुणाला भेटलंच नाही. आमच्या वेशीत भागुबाई धुणं वाळत घालत होती. ती थोरलीच्या गड्यांना म्हणाली, "आमचे तर तुमच्याकडंच गेलेत. बसा, पानी प्या."

रिकाम्या हाती कसं जायचं, म्हणून त्यांनी मला उचललं. तिकडे आमच्यांनी त्यांचं कवाड आणलं. दोन्ही गावं जिंकली. तेव्हापासून दोन्ही वेशी उघड्याच, आणि एका गावचा माणूस दुसऱ्या गावचं पाणी पीत नाही.

विजयदिनाला मला हार घालतात. एरवी थोरलीच्या पारावर मला आडवं टाकून ठेवतात. सांज झाली की अजून बिजागरी शिवशिवते. उठून बंद व्हावंसं वाटतं.

परवा माझ्यावरच ठरावाचा कागद ठेवला होता. थोरलीची निकिता सेलूच्या कॉलेजात शिकते. दोन्ही गावांनी त्या ठरावावर सह्या केल्या तर फाट्यावर एसटी थांबेल. नाहीतर दिवाळीनंतर कॉलेज बंद, असं वडिलांनी तिला बजावलंय.

थोरलीच्या सरपंच व्यंकटरावांनी पेन उघडलं. "हारलेल्या गावाच्या शेजारी माझी सही? लय झालं!"

"काका, हारलं कोण व्हतं?" निकितानं विचारलं.

"ते."

"मग आपल्या वेशीचं कवाड तेंच्याकडं कसं काय हाय?"

व्यंकटरावांनी माझ्याकडं पाहिलं. "ते... आपण उसनं दिलंय, पोरी."

पेनाचं टोपण लागलं. धाकटीच्या सरपंचांनीही हेच उत्तर दिल्याचं कळतं.

मित्रांनो, जिंकलेल्या वस्तूंची निगा राखा. शक्यतो परत करून.

तरी मा. तहसीलदार साहेबांस विनंती, की दोन्ही गावे सदर लढाईत हरली असल्याचा दाखला, लढाईच्या तारखेपासून लागू करून, एकाच कागदावर देण्यात यावा. दिवाळीपूर्वी मिळाल्यास ठरावास जोडता येईल. बोकड मयत असल्याने त्याचा जबाब मागू नये.

अर्जदार: डावे कवाड, राहणार धाकटी, सध्या मुक्काम थोरली.