हिरव्या नोटांच्या घड्या

गावी मी नोटांची बारीक घडी घालून बटव्यात ठेवायचे. घडीची नुसती कड दिसली तरी रंगावरून कळायचं, ही दहाची, ही पन्नासची. अमेरिकेत ईडन प्रेरीला लेकाकडे आले तरी तेच चालू ठेवलं. इथल्या सगळ्या नोटा एकाच मापाच्या, हिरव्या. दिसत होतं ते, पण हाताची सवय सुटली नाही.

दर शुक्रवारी घर साफ करायला ग्रासिएला यायची, इक्वेडोरची. जाताना तिला मी पोरांच्या खाऊसाठी एक डॉलर द्यायचे. सून शिवांगी एकदा म्हणाली, "आई, त्यांच्या देशाचं स्वतःचं चलन केव्हाच बंद झालं. तिथेही डॉलरच चालतो." मला नवल वाटलं. माझ्या यतीनचा डॉलर गावी पोचेतो रुपये होतो, हिचा आहे तसाच तिच्या आईच्या हातात पडतो.

वाढदिवसाला शिवांगीने मला शंभर डॉलरची नोट दिली होती, तीही घडी घालून बटव्यात ठेवलेली. एका शनिवारी ती सापडेना. शंभर गेले म्हटलं असतं तर आवाज एवढा चढला नसता. मी ओरडले, "माझे आठ हजार गेले!"

"आई, नीट बघितलंत ना?"

"बटवा तीनदा पालथा केला. काल ती सोडून घरात आलं होतं कोण?"

संध्याकाळी शिवांगी म्हणाली, "तिला कॅन्सल केलं. ग्रुपवर पण टाकलंय, बाकीच्या केअरफुल राहतील." ग्रुप म्हणजे इथल्या मराठी बायकांचा. आसावरीने आणि सुलेखाने लगेच तिचं काम बंद केलं.

बुधवारी मी उरलेल्या घड्या उलगडल्या. यतीनने एकेक डॉलरच्या दहा नोटा दिल्या होत्या. चार शुक्रवार झाले, सहा उरायला हव्यात. सात निघाल्या.

मग आठवलं. त्या शुक्रवारी तिने दारातच घडी उलगडली होती. मान हलवून नोट माझ्यापुढे धरली, आकड्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, लाजतेय. मी तिची मूठ मिटली. "राहू दे गं, पोरांना घे काहीतरी."

शिवांगीला सांगितलं. ती म्हणाली, "आता ग्रुपवर काय लिहू? नोट सापडली म्हणते, बास."

"सापडली कुठे? तसं लिहिलंस तर म्हणतील, भिऊन परत ठेवली. फोन दे इकडे."

एका बोटाने, अक्षर शोधत लिहिलं: "नोट मी माझ्या हाताने दिली. ती परत करत होती, मी घेतली नाही. वर तिलाच चोर म्हणाले. यतीनची आई."

हात जोडलेली चित्रं आली. आसावरीने लिहिलं, "काकू, किती गोड! पण आम्ही दुसरी बघितली यार."

शिवांगीने ग्रासिएलाला फोन लावला. बराच वेळ इंग्रजी चाललं.

"काय म्हणते?"

"पैसे आईच्या औषधाला पाठवले म्हणते. थोडे थोडे परत करीन म्हणते."

"परत कशाला? तिचेच आहेत ते!"

"सांगितलं, आई."

"आणि कामाचं?"

शिवांगीने फोनवर हात ठेवला. "येईन म्हणते. पण... तुम्ही समोर नको."

शुक्रवारी मी वरच्या खोलीत दार लावून बसले. खाली व्हॅक्यूम सुरू झाला. तिची गाडी जाईपर्यंत मी जिना उतरले नाही.