आईच्या आवाजाचं बटण

मोबाइलचे ॲप बनवणं हे माझं काम. नवा रायपूरच्या एका ऑफिसात दहा वर्षांपासून तेच करून राहिली मी. डॉक्टर म्हणाले की आईले गळ्याचा कॅन्सर आहे, मंगळवारी तिचं स्वरयंत्र काढावं लागेल, तेव्हा मी रडता रडताच ठरवलं, आईसाठी ॲप बनवायचं. पाणी दे, दुखते, पंखा बंद कर, असे वीस बटणं. दाबलं की आईचाच आवाज येणार. एक बटण माझ्या नावाचं. आई मले राधिका म्हणत नाही. "राधे, ओ राधे," म्हणते, दुसरं राधे जरा लांबवून.

सोमवारी दुपारी चौबे कॉलनीतल्या आमच्या घरी बसलो दोघी. पाचले दवाखान्यात भरती व्हायचं होतं. लॅपटॉपवरून ॲप आईच्या फोनमध्ये टाकायचं अन् आईनं वीस वाक्यं बोलायची, अर्ध्या तासाचं काम. तर लॅपटॉपले आईचा फोन दिसेचना!

केबल नुसती चार्जिंगची निघाली. समता कॉलनीत जाऊन दुसरी आणली. फोनची सेटिंग बदलली, लॅपटॉपमध्ये ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर टाकलं, लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला. केबल फोनमध्ये ढिली बसे, म्हणून आईले म्हटलं, "तू दाबून धर, हलू नको." बिचारी दोन्ही हातांनी फोन धरून बसली. लॅपटॉपवरची फोनची यादी रिकामीच.

"राधे, मी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवू काय? मंग तू टाक त्याच्यात."

"आई, तुले समजत नाही. त्यात आवाज दबून येते."

"बरं बाई." थोड्या वेळानं म्हणे, "हे पाह्य वं, फोनवर काहीतरी..."

"थांब न आई!"

चार वाजेपर्यंत मी तिच्याशी एवढंच बोलली. थांब न आई. साडेचारले भास्करमामा गाडी घेऊन आला.

"राहू दे वं," आई म्हणाली. "बरी झाली की करू."

बरी झाल्यावर बोलणार कोण होतं? दवाखान्यात पोचल्याबरोबर तिले आत नेलं, मले बाहेर बसवलं, ऑपरेशन होईपर्यंत भेटूच दिलं नाही. अन् जुना आवाज म्हणाल तर तोही नाही. आईनं कधी रेकॉर्ड करून पाठवलंच नाही, सरळ फोन लावे.

आठ दिवसांनी मी लॅपटॉप दवाखान्यात नेला. म्हटलं, मशीनचा आवाज तरी टाकून देऊ. केबल लावली. आईच्या हातातल्या फोनवर प्रश्न आला, या कॉम्प्युटरले परवानगी द्यायची काय? मी काही बोलायच्या आत आईनं 'नाही' दाबलं अन् माझ्याकडे पाहिलं, बरोबर केलं न, असं.

मीच शिकवलं होतं! मागच्या वर्षी शेजारच्या दिवाकर काकांचं खातं कोणीतरी साफ केलं, तेव्हा मी आईले रोज घोकवलं, फोननं काहीही विचारलं की 'नाही' दाबायचं.

"त्या दिवशीही आलं होतं हे?"

आईनं वहीत लिहिलं, "चार वेळा. तुले सांगून राहिली होती."

आग लागो माझ्या हुशारीले! फोनमध्ये साधा रेकॉर्डर होता, आई समोर बसली होती, बोलतो म्हणत होती. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागली मी. दवाखान्याच्या त्या खोलीत मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोट्टीसारखी रडली.

मंग केबल काढून परत लावली, या वेळी 'हो' दाबलं. फोन लगेच दिसला. ॲप गेलं. आईनं पहिले माझ्या नावाचं बटण दाबलं.

"राधिका," कोणीतरी बाई बोलली.

आईनं परत दाबलं. मंग फोन उशाखाली ठेवून दिला.

घरी आल्यावर तिनं ते ॲप उघडलंच नाही. मले बोलवायचं असलं की वाटीवर चमचा वाजवते, दोनदा, दुसऱ्यांदा जरा जोरात. मी हातचं काम टाकून जाते. थांब न आई, असं आता म्हणत नाही मी.