चोवीस पानं, एक रिकामा चौकोन

मी एक जुना साचा आहे, मित्रांनो. मोदकाचा नाही, विटांचाही नाही! मला वजन नाही, वास नाही, टेबलावरून पडलो तर आवाजसुद्धा होत नाही. मी प्रेझेंटेशनचा साचा. लोक मला टेम्प्लेट म्हणतात. चोवीस पानं, त्यांवर रिकाम्या चौकटी, आणि चौकटींत 'इथे शीर्षक लिहा', 'इथे फोटो लावा'. मजकूर तुमचा, तो नटवायचं काम माझं. आहे की नाही रुबाब?

पण हा रुबाब मिळता मिळता राहिला होता, तीच गोष्ट सांगतो.

माझा जन्म टोंगातल्या हौमा गावात, पेलेनाइसेच्या लॅपटॉपमध्ये झाला. त्या लॅपटॉपचं एक बटण निघालं होतं, तिथे ती पेन्सिलीचं टोक खुपसून काम भागवायची. आदल्या वर्षी ती आठ महिने ऑस्ट्रेलियात टोमॅटोच्या मळ्यावर राबून आली होती. परत आली तेव्हा तिची तीन वर्षांची लेक लुपे तिला बघून लपली, आणि चार दिवस आईला 'त्या बाई' म्हणत राहिली. या वर्षीही पेलेनाइसेचं नाव मळ्याच्या यादीत होतं. सोमवारी सकाळी दहापर्यंत हो की नाही सांगायचं होतं. तिला 'नाही' म्हणायचं होतं, पण घरबसल्या काम मिळालं तरच ते परवडणार होतं.

ते काम म्हणजे मी! माझ्यासारखे साचे विकणारी एक मोठी वेबसाइट होती. तिथला नियम कडक होता: तीनदा नापास झालात की वर्षभर दार बंद. माझी दोन थोरली भावंडं नापास झालेली. पहिल्याला उत्तर आलं, 'असे आमच्याकडे शेकडो आहेत.' दुसऱ्यात परवानगी नसलेले फोटो निघाले. मी तिसरा, म्हणजे शेवटचा.

म्हणून तिने मला जिवापाड जपून घडवलं. एका जागी रंग बदलला की सगळ्या पानांवर बदलावा, अशी माझी बांधणी केली. अक्षरं फुकट मिळणारीच घेतली, फोटोंच्या जागी करड्या चौकटी ठेवल्या, मला कसं वापरायचं याची वेगळी चिठ्ठी जोडली. एवढं सगळं झालं, तरी मी शेकडोंसारखाच दिसत होतो.

मग तिला आत्याची कुपेसी आठवली. हौमातल्या बायका झाडाच्या सालीचं कापड करतात. नारळाच्या हिरांनी नक्षी शिवलेला एक जाड तुकडा असतो, तीच कुपेसी. ती फळीवर बांधायची, वर कापड ताणायचं आणि रंगाचा बोळा घासायचा, की नक्षी उमटते. म्हणजे माझी पणजीच म्हणा ना! कापडाच्या कडेला लांबी मोजायला आकडेही लिहितात, एक, दोन, तीन. पेलेनाइसेने गुपचूप त्या कुपेसीचा फोटो काढला, नक्षी गिरवली आणि आकड्यांसकट माझ्या प्रत्येक पानाच्या कडेला लावली. बिनआकड्यांची कड तिला उघडीबोडकी वाटायची.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता उत्तर आलं. 'सुंदर. पण दोन दुरुस्त्या. पाचव्या पानाच्या कडेला एक ते आठ असे आकडे आहेत. पान क्रमांक चुकले आहेत. आणि ही नक्षी तुमची स्वतःची असल्याची खूण अर्जातल्या शेवटच्या चौकोनात करा. मुदत अठ्ठेचाळीस तास.'

अठ्ठेचाळीस तास म्हणजे रविवारी सकाळी नऊपर्यंत. पण रविवारी आमच्याकडे कुणी कामाला हात लावत नाही, म्हणजे हातात फक्त शनिवारपर्यंतचा वेळ होता.

आकड्यांचं राहू द्या. तिने फिरवलेल्या पडद्यावरच्या बाणाने थेट तो रिकामा चौकोन गाठला आणि तिथेच तो थरथरत थांबला. एक टिचकी मारली की झालं! कोण बघणार होतं? मी श्वास रोखला. (मला श्वास नाही, पण रोखला.)

"आई, दाब ना," मांडीवरून लुपे म्हणाली.

पेलेनाइसेने लॅपटॉप मिटला. माझ्यासमोर अंधार झाला.

पुन्हा उजेड आला तेव्हा मी कापड करणाऱ्या बायकांच्या छपराखाली होतो. साल कुटायचे ठोके चालू होते. समोर फुसिपाला आत्या. टोंगात वडिलांची बहीण म्हणजे घरातला शेवटचा शब्द! पेलेनाइसेचे वडीलसुद्धा तिच्यापुढे आवाज चढवत नसत.

"आत्या, एक सांगायचं होतं."

"सांगायचं होतं, की विचारायचं होतं?"

"विचारायचं होतं. आता सांगावं लागतंय."

ठोके थांबले. आत्याची मुलगी लाविनिया पुटपुटली, "मेली ही आज."

आत्याने लॅपटॉप जवळ ओढला. "ही नक्षी तुला कोणी दिली?"

"कोणी नाही. मी फक्त फोटो काढला."

"फक्त! शेजाऱ्याच्या डुकराचाही फक्त फोटो काढ आणि ये फक्त विकून!"

बायका फिदीफिदी हसल्या. पेलेनाइसे हसली नाही. आत्याही नाही.

"अगं, ही माझी असती तर दिली असती. माझ्या आईने आणि तिच्याबरोबरच्या सात जणींनी मिळून शिवलीय. त्या सगळ्या गेल्या. आता कुणाकुणाची सही आणू मी तुला?"

"नको, आत्या. जाते मी टोमॅटो तोडायला." लुपेने तिचा हात घट्ट धरला.

आत्याने त्या दोन हातांकडे पाहिलं. मग तिने हिरांची जुडी पेलेनाइसेच्या पुढ्यात टाकली. "डोळे पूस. हात ओले असले की हीर नीट बसत नाहीत. तुझी स्वतःची पाहिजे ना? मग शीव. आणि ते आकडे पुसायचे नाहीत, सांगून ठेवते."

पेलेनाइसे शिवायला बसली. आमच्या कड्यावर लाटा खडकांच्या भोकांतून उंच उडतात, ती लाट तिने घेतली.

"हे काय, माशाचे काटे?" आत्याने विचारलं.

"लाट आहे, आत्या."

"मग उडू दे की! ही तर तापाने पडलीय. उसव."

दोनदा उसवलं. बोटं टोचून लाल झाली. शनिवारी दुपारी तिसऱ्यांदा कापड ताणून बोळा घासला, आणि लाट उडाली! आत्या फक्त "हं" म्हणाली. लाविनिया ओरडली, "पेले, 'हं' म्हणाली ती! मला आयुष्यात कधी 'हं' मिळालेलं नाही!"

मग माझी जुनी कड निघाली आणि नवी बसली, चोवीसही पानांवर. आकड्यांचा तोडगाही निघाला: पाचव्या पानावर फक्त पाच, सहाव्यावर फक्त सहा. सगळी पानं शेजारी मांडली की एकच लांब कापड, कडेला नीट मोजलेलं.

सूर्य कलला होता. "अंधार पडला की झाकण बंद," आत्याने बजावलं. मी वेबसाइटकडे निघालो. वीस टक्के. पन्नास. एकाहत्तर. आणि एकाहत्तरवरच अडकलो! लाविनिया मोबाइल घेऊन पाण्याच्या टाकीवर चढली.

"हात वर धर! हलू नकोस!"

"मला खाजतंय गं!"

"खाजवू नकोस, तुला शपथ आहे!"

बहात्तर. ऐंशी. आत्या दारात उभी राहून आभाळ बघत होती. चौऱ्याण्णव. शंभर! पुढे तो रिकामा चौकोन आला. या वेळी बाण थरथरला नाही. तिने खूण केली आणि झाकण मिटलं.

रविवार प्रार्थनेत गेला. सोमवारी साडेनऊ वाजले तरी उत्तर नाही. पावणेदहा, उत्तर नाही. दहाला पाच मिनिटं असताना मळ्याच्या माणसाचा फोन आला.

"काय ठरलं? येणार ना?"

पेलेनाइसेने माझ्याकडे पाहिलं. पडदा कोरा. मी काय करणार, मित्रांनो? मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो! तिने बोटांवरच्या खरचटलेल्या खुणांवर अंगठा फिरवला.

"नाही येणार," ती म्हणाली.

"नक्की? मग दुसरीला घेतो."

"घ्या."

फोन ठेवल्यावर ती भिंतीला टेकून खालीच बसली. आत्याने तिच्यापुढे भाजलेला तारोचा कंद ठेवला. "खा. हा साचा पडला तर पडला. शिवणारे हात तुझेच आहेत ना?"

अकरा वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. एकच शब्द: 'स्वीकारलं.' लुपे टाळ्या वाजवत घरभर नाचली. कशासाठी, हे तिला ठाऊक नव्हतं!

पुढे माझ्या हजारो प्रती जगभर गेल्या. एका डॉक्टरने माझ्यावर किडलेले दात दाखवले, कुणी लग्नाचे फोटो लावले. 'आजवर पाहिलेली सर्वांत जिवंत कड' असं एकाने लिहिलं, तेव्हा मी फुगून बसलो होतो. मग माझी धाकटी भावंडं आली, बाहेरून चकचकीत हलणारे साचे आले. आज मला सात वर्षं झाली. वेबसाइटच्या यादीत मी एकतिसाव्या पानावर आहे, आणि तिथवर सहसा कुणी येत नाही.

माझ्या शेवटच्या पानावर लिहिलं आहे, 'नक्षी: पेलेनाइसे. शिकवणारी: फुसिपाला.' लोक मला उघडतात आणि सगळ्यात आधी तेच पान पुसतात. नियमात बसतं ते. तरी दर वेळी मला धस्स होतं.

पण गेल्या महिन्यात दूरच्या एका बेटावरून शाळेतल्या मुलीचं पत्र आलं. 'माझी आजी वारली. तिच्या आठवणी तुमच्या साच्यावर मांडते आहे. लाटेचा रंग बदलला तर चालेल का?' हे विचारायची काही गरज नव्हती. नियमाने ती हवं ते करू शकत होती. सात वर्षांत असं विचारणारी ती पहिलीच.

पेलेनाइसेने ते पत्र आत्याला वाचून दाखवलं. आत्याला आता दिसत नाही. तिने पत्र दोनदा वाचायला लावलं.

"लिही तिला. म्हणावं, आजीला आवडायचा तो रंग घे. आणि आजीचं नाव कळव. ती लाट आता तिचीही आहे."

म्हणून सांगतो, मित्रांनो, मला खुशाल घ्या. रंग बदला, फोटो लावा, माझ्यावर दातसुद्धा दाखवा! फक्त शेवटचं पान पुसण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचा.