चौकटीवरची रेघ

पट्टीचं शून्य तिने फोटोतल्या बाबाच्या चपलांना टेकवलं आणि श्वास रोखून आकडे वाचत वर गेली. केसांपर्यंत नऊ सेंटिमीटर. त्याच्या मागचं स्वयंपाकघराचं दार दहा.

दार अजून जागच्या जागी होतं. टेपने मोजलं तर बरोबर दोनशे भरलं. बाबा मात्र ती रांगत होती तेव्हाच गेला, आणि डोक्यापासून पायापर्यंत तो दिसेल असा हा एवढा एकच फोटो घरात होता.

त्याच आठवड्यात गणिताच्या बाईंनी गुणोत्तर शिकवलं होतं. चारांतल्या तीन संख्या हाताशी असल्या की चौथा x पळून पळून जाणार कुठे, असं त्या म्हणाल्या तेव्हा सगळा वर्ग हसला. हिला मात्र घरातला फोटो आठवला. आईला विचारून कधी काही हाती लागलं नव्हतं.

“बाबा केवढा होता गं?”

“होता की चांगला.”

एवढं बोलून आई चादरींच्या घड्या घालायला लागे. इस्पितळाच्या धोबीखान्यात काम करून तिचा हात असा बसला होता की घरची चादरसुद्धा काटकोनातच दुमडायची. मुलीला फार काही नको होतं. तो शेजारी उभा राहिला असता, तर आपलं डोकं त्याच्या कुठे लागलं असतं, एवढंच.

नऊ छेद दहा बरोबर x छेद दोनशे. तिरकस गुणाकार. दहा x बरोबर अठराशे. म्हणजे एकशे ऐंशी. तिने टाचा उंचावून दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ ओढली.

त्यानंतर ते दार रिकामं असं राहिलंच नाही. पाणी प्यायला जाताना ती मान वर करून रेघेकडे बघे. आईशी भांडण झालं की तिथेच गाऱ्हाणं घाले. वरून काही उत्तर यायचं नाही, यायला ते काय नाटक होतं? पण कुणीतरी उभं आहे हे तिला कळायचं, आणि ते वरून नाही, अगदी तोंडासमोरून. मग घाबरून ती सुसाट आत पळे. आई तर पहिल्यापासून त्या ऐसपैस दारातून अंग चोरूनच जायची.

“दार चावतं का गं तुला?” मुलगी चिडवी.

“सवय,” आई म्हणे.

रविवारी जाळी काढताना आईला रेघ दिसली.

“हे काय?”

“बाबा. गणिताने काढला.”

तिने फोटो आणि वही पुढे केली. आईने झाडू भिंतीला टेकवला, धुळीच्या हातांनी नको म्हणून पदराला हात पुसले आणि गणित दोनदा वाचलं.

“गणित बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण तो दारात नव्हता उभा.”

“म्हणजे?”

“फोटो मी काढत होते. हलू नकोस म्हटलं, तर हा हसत माझ्याकडे यायलाच लागला. जवळ येणारा माणूस मोठा दिसतो बाई.”

एवढं ती त्याच्याविषयी कधी बोलली नव्हती. मग तिने पेन्सिल घेतली. टेपकडे पाहिलंही नाही. दारासमोर उभी राहून डोळे मिटले, आडवा तळहात हवेत धरला आणि हळूहळू खाली आणला. कुणाच्या तरी केसांना लागल्यासारखा तो एका जागी थांबला. आईने हात तसाच सरकवत चौकटीपर्यंत नेला आणि तिथे रेघ ओढली.

“एवढा.”

मुलगी चौकटीला पाठ लावून उभी राहिली. नवी रेघ तिच्या डोक्याला लागूनच होती. इतके दिवस ती त्याच्या डोक्यावरून, मोकळ्या हवेशी बोलत आली होती. तिला रडू आवरेना.

“दूध उतू जाईल,” म्हणत आई वळली. दार सताड उघडं होतं. तरी खांदा मागे घेऊन, अंग चोरून, ती कडेकडेने आत गेली.

मुलीने डोळे पुसले, दाराकडे तोंड केलं आणि नजर वर न नेता समोर आणली.

“आलेच मी,” ती म्हणाली, आणि कडेकडेने आईच्या मागे गेली.