जगदेवीचं बंद पडलेलं नेट

"केबल बदलून बघितली, निजामभाई. दोनदा बंद करून चालू केलं. बाजूच्या मशीनवर नेट हाय, मग माझ्याच मशीनला काय धाड भरली?"

निजामोद्दीन जगदेवीच्या टेबलाखाली वाकला आणि तिथंच बसून राहिला. क्लासमधल्या साऱ्या कॉम्प्युटरांची देखभाल त्याच्याकडे होती. तिच्या मशीनचं नेट सकाळी त्यानंच बंद केलं होतं. आता क्लास चालवणाऱ्या धाकट्या सरांनी बजावलं होतं, "त्यांना दुपारी बोलावून मी सांगतो. तोवर तुम्ही बोलू नका."

किल्लारीच्या भूकंपात घरदार गेलं, तेव्हा जगदेवी शाळकरी पोर होती. लातुरात मावशीकडे राहून ती टायपिंग शिकली. धाकट्यांच्या वडलांनी, मोठ्या सरांनी, पत्र्याच्या शेडमध्ये शिकवणीचा क्लास काढला तेव्हापासून ती इथं होती. शेडची चार मजली इमारत झाली, मोठे सर वारले. लेकरांची खबर गावोगावच्या आईबापांना तीच कळवत आली होती. आता ते काम ॲप करणार होतं.

"फायरवॉलनं अडवलंय का बघा की. हदगावचा एक बाप सकाळपासून फोन करून राहिलाय. पोरगी फोन उचलत न्हाई म्हणतो. इथं हजेरीच उघडंना, काय सांगू त्याला?"

निजामोद्दीन बाहेर आला. हातात उगाच स्क्रू-ड्रायव्हर धरलेला.

"ताई, मशीनला काही झालेलं न्हाई."

"मग?"

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला.

"तुम्ही बंद केलं?"

"हाव. वरून सांगितलं."

जगदेवी हळूच खुर्चीत बसली. केबल तपासताना गुडघ्यापाशी साडीला धूळ लागली होती, ती झटकत म्हणाली, "आधी सांगायचं हुतं. टेबलाखाली तरी शिरले नसते."

"माझ्या घरी बी खाणारी तोंडं हायत, ताई."

"मी कुठं काय म्हणले?"

तिनं स्वतःचा मोबाइल काढला. आधी हॉस्टेलच्या बाईंना विचारलं, मग हदगावला लावला. "दादा, क्लासमधून जगदेवी बोलतेय. पोरगी तापानं खोलीवर झोपलीय. गोळी दिलीय, काळजी करू नका."

तेवढ्यात वरून बोलावणं आलं. ती गेली आणि थोड्याच वेळात शेवटच्या पगाराचं पाकीट घेऊन खाली आली. निजामोद्दीन उठून उभा राहिला. तिनं डबा पिशवीत घातला, चपला पायात सरकवल्या.

फाटकात दुपारची बॅच आत शिरत होती. पोरांचा लोंढा ओसरेपर्यंत जगदेवी भिंतीला लागून उभी राहिली.